‘दाखवणार नाही’ हा नकार नेमका कोणाचा?

माण तालुक्यातल्या एका गावातले चौघेजण गेल्या उन्हाळ्यात एक पेन ड्राइव्ह घेऊन जवळच्या बाजारगावातल्या केबलच्या कार्यालयात गेले. त्यांच्यापैकी एकाचा जमिनीचा दावा मी साताऱ्याच्या न्यायालयात चालवत असल्याने त्यांनी मलाही सोबत घेतले होते. कार्यालय म्हणजे वरच्या मजल्यावरची एक खोली होती. भिंतीशी लोखंडी मांडणी, तीत एकावर एक रचलेली यंत्रे, त्यांच्या उष्णतेमुळे भर सकाळीही पूर्ण वेगाने फिरणारा पंखा, आणि कोपऱ्यातल्या लहानशा पडद्यावर चालू असलेली त्यांची स्थानिक वाहिनी, जिच्या तळाशी कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छांची पट्टी सरकत होती. चित्रफीत अकरा मिनिटांची होती. उघड्या चरात पडून राहिलेले पाइप, कोरडी टाकी, सरकारी पाणीयोजनेचे काम पूर्ण झाल्याचा रंगवलेला फलक आणि त्या फलकाखालून हंडे घेऊन जाणाऱ्या बायका, एवढेच तिच्यात होते. केबलच्या मालकांनी ती शेवटपर्यंत पाहिली, पेन ड्राइव्ह काढून त्याचे टोपण लावले आणि तो टेबलावरून परत सरकवला. “अण्णा, हे मला लावता यायचं नाही,” ते म्हणाले. चौघांतले सर्वांत वयस्कर गृहस्थ माझ्याकडे वळले. “वकीलसाहेब, बोलायचं स्वातंत्र्य घटनेत लिहिलंय ना? मग हे न्हाई कसं म्हणतात?”

हा प्रश्न मला अनेक वर्षे, अनेक तोंडांनी विचारला गेला आहे. कोणाचे पत्र वर्तमानपत्राने छापले नाही, कोणाची जाहिरात वाहिनीने नाकारली, कोणाला चर्चेला बोलावले नाही, की अभिव्यक्तिस्वातंत्र्याची गळचेपी झाली असे म्हटले जाते. त्यातला संताप खरा असतो. पण कायदा त्या संतापाला कोठे साथ देतो आणि कोठे देत नाही, हे त्या दिवशी जिन्यावर उभ्याउभ्या नीट सांगता आले नाही, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(क) ने प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्ती यांचे स्वातंत्र्य दिले आहे. हे स्वातंत्र्य मूलभूत हक्कांच्या भागात आहे, आणि त्या भागाच्या सुरुवातीलाच, अनुच्छेद १२ मध्ये, ‘राज्य’ म्हणजे कोण हे सांगितले आहे: केंद्र सरकार, संसद, राज्य सरकारे, विधिमंडळे, स्थानिक संस्था आणि सरकारच्या नियंत्रणाखालील इतर प्राधिकरणे. ही व्याख्या तेथे देण्याचे कारण असे की, मूलभूत हक्क हे मुख्यत्वे राज्याच्या हातांना घातलेले बांध आहेत. तुम्ही बोललात म्हणून जिल्हा प्रशासनाने तुमच्यावर कारवाई केली, ग्रामपंचायतीने तुमचा फलक उतरवला, पोलिसांनी तुमची सभा होऊ दिली नाही, तर हा अनुच्छेद तुमच्या पाठीशी उभा राहतो आणि ‘हे बंधन अनुच्छेद १९(२) मधील कोणत्या कारणाखाली घातले?’ असा जाब सरकारला विचारतो. ती कारणे घटनेत मोजून दिलेली आहेत: देशाचे सार्वभौमत्व व एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता किंवा नीतिमत्ता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. यांच्याबाहेरचे कारण चालत नाही. खाजगी केबलचालक मात्र या व्याख्येतले ‘राज्य’ नाही. तुमच्या शेजाऱ्याने आपल्या ओट्यावर तुम्हाला भाषण करू दिले नाही, तर तुमचे भाषणस्वातंत्र्य हिरावले गेले असे आपण म्हणत नाही, कारण ओटा त्याचा आहे. केबलच्या मालकाच्या नकाराकडे कायदा साधारण त्याच नजरेने पाहतो, ‘साधारण’ का ते पुढे येईलच.

हा फरक कागदावरचा वाटू नये म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली दिलेला एक निकाल सांगतो. ग्राहक चळवळीत काम करणारे अहमदाबादचे मनुभाई शहा यांनी आयुर्विमा महामंडळाच्या कारभारावर टीका करणारा एक अभ्यासनिबंध लिहिला. त्याला महामंडळाच्या एका अधिकाऱ्याने वर्तमानपत्रातून उत्तर दिले, शहांनी त्याच वर्तमानपत्रातून प्रत्युत्तर दिले, आणि वाद तेथेच थांबला असता. पण महामंडळाने आपल्या अधिकाऱ्याचा लेख स्वतःच्या मासिकात पुन्हा छापला, आणि शहांनी ‘मग माझे प्रत्युत्तरही छापा’ म्हटल्यावर ‘हे आमचे घरचे मासिक आहे’ असे सांगून नकार दिला. न्यायालयाने हा नकार अमान्य केला. महामंडळ सरकारी आहे, मासिक लोकांच्या पैशातून निघते, अशा मासिकाला एकच बाजू छापून दुसरी दडपता येणार नाही, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच निकालपत्रात दुसरेही प्रकरण होते. भोपाळच्या वायुदुर्घटनेवरचा, राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला एक माहितीपट दूरदर्शनने नाकारला होता. सरकारवर टीका आहे एवढ्यावरून नकार देता येत नाही, असे सांगून न्यायालयाने तो दाखवण्याचा आदेश कायम केला. आता कल्पना करा की, ते मासिक महामंडळाचे नसून एखाद्या खाजगी विमा कंपनीचे आहे. लेख तोच, टीका तीच, नकारही तोच, पण घटनेचा आधार बहुतेक नाहीसा झाला असता. माणच्या त्या चौघांनी हाच पेन ड्राइव्ह दूरदर्शनकडे नेला असता आणि तेथे केवळ सरकारी योजनेवर टीका आहे म्हणून तो परत मिळाला असता, तर मी त्यांच्यासाठी उच्च न्यायालयात आनंदाने रिट याचिका तयार केली असती.

आता थोडे पुढे जाऊ, कारण केबलचालक ‘राज्य’ नाही एवढ्यावर उत्तर संपत नाही. काय छापायचे, काय दाखवायचे आणि काय गाळायचे ही निवड हीच मुळात अभिव्यक्ती आहे, आणि म्हणून ज्या अनुच्छेदाचा आधार ते चौघे घेत होते, त्याच अनुच्छेदाचा आधार समोरच्या खुर्चीतल्या माणसालाही होता. हे पटायला जड जाते, याची मला कल्पना आहे. मला स्वतःला ते पटले ते आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाच्या आयुष्यावरून. आज टेंभू म्हटले की आपल्याला कृष्णेवरची उपसा सिंचन योजना आठवते, पण कराडजवळच्या या टेंभूत १८५६ साली गोपाळ गणेश आगरकरांचा जन्म झाला. ते ‘केसरी’चे पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तेथील दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात, टिळकांबरोबर त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले, म्हणजे लेखणीसाठी शिक्षा भोगणे काय असते हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. पुढे सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर त्यांचे आणि सहकाऱ्यांचे मतभेद इतके वाढले की, जे आपल्याला लिहायचे आहे ते या पत्रात मोकळेपणाने लिहिता येणार नाही हे त्यांना स्पष्ट झाले. १८८७ साली त्यांनी ‘केसरी’ सोडला आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला. ‘केसरी’ने आपले लेख छापलेच पाहिजेत असा हुकूम त्यांनी सरकारकडून आणला असता, तर काय झाले असते याचा विचार करावा. त्या दिवशी ‘केसरी’ हे टिळकांचेही पत्र राहिले नसते आणि आगरकरांचेही. ते हुकूम देणाऱ्याचे झाले असते. दोन पत्रे निघाली, दोघांनी एकमेकांवर कडक टीका केली, आणि महाराष्ट्राला दोन्ही बाजू सलग वाचायला मिळाल्या.

हेच तत्त्व स्वतंत्र भारतात एका मराठी वर्तमानपत्रामुळे पक्के झाले. वर्तमानपत्राच्या किमतीनुसार त्याने किती पाने द्यावीत, हे ठरवणारा १९५६ चा कायदा आणि त्याखालचा १९६० चा आदेश यांना पुण्याच्या ‘सकाळ’ने आव्हान दिले. मोठी वर्तमानपत्रे लहानांना गिळतात, म्हणून लहानांच्या रक्षणासाठी आणि लोकहितासाठी हे बंधन आहे, असे सरकारचे म्हणणे होते, आणि ते वरकरणी चांगलेच वाटते. सर्वोच्च न्यायालयाने मात्र कायदा आणि आदेश दोन्ही रद्द केले. व्यवसायाच्या स्वातंत्र्यावर ‘सर्वसाधारण जनतेच्या हितासाठी’ बंधन घालता येते, कारण ते शब्द अनुच्छेद १९(६) मध्ये आहेत. अनुच्छेद १९(२) मध्ये ते शब्द नाहीत, म्हणून लोकहिताच्या नावाखाली अभिव्यक्तीला कात्री लावता येणार नाही, हा त्या निकालाचा गाभा. १९६२ च्या विधिअहवालांत छापला गेलेला हा निकाल आजही प्रत्येक वाहिनीच्या वकिलाच्या टेबलावर असतो. अमेरिकेत १९७४ साली असाच प्रश्न आला होता. निवडणुकीतल्या उमेदवारावर टीका केली तर त्याचे उत्तर विनामूल्य छापलेच पाहिजे, असा फ्लोरिडा राज्याचा कायदा होता, आणि तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. छापायला भाग पाडणे हीसुद्धा संपादकाच्या कामातली ढवळाढवळच, असे ते म्हणाले.

येथे एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण साताऱ्याच्या वाचकाला ते बोचेल आणि मलाही बोचते. १९८८ साली दूरदर्शनवर ‘होनी अनहोनी’ नावाची मालिका चालू होती. तीत अतर्क्य, चमत्कारिक घटना दाखवल्या जात. ही मालिका अंधश्रद्धा पसरवते, म्हणून ती थांबवावी अशी मागणी घेऊन लोकविज्ञान संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि तिला अंतरिम मनाईही मिळाली. सर्वोच्च न्यायालयाने ती मनाई उठवली. दूरदर्शनच्या अटी पाळून आपली कलाकृती लोकांपुढे मांडण्याचा निर्मात्याचा हक्क हा लेख छापण्याच्या हक्कासारखाच आहे, आणि काहींना मालिका आवडत नाही किंवा घातक वाटते, एवढ्यावर तो रोखता येत नाही, असे न्यायालयाने सांगितले. ज्या गावाने डॉ. नरेंद्र दाभोलकरांना रस्त्यावर, शाळांत, व्याख्यानांत विवेकाची बाजू मांडताना वर्षानुवर्षे पाहिले, त्या गावात बसून मी हे लिहितो आहे. तरीही मला तो निकाल योग्य वाटतो. मला न पटणारी मालिका न्यायालयाच्या हुकमाने बंद होऊ शकत असेल, तर मला पटणारी व्याख्यानमालाही उद्या त्याच वाटेने बंद होईल. दाभोलकर आयुष्यभर मतांना मतांनीच उत्तर देत राहिले. आणि ज्यांना ते उत्तर सोसले नाही, त्यांनी २० ऑगस्ट २०१३ रोजी गोळीने ते थांबवले.

आता ‘साधारण’ या शब्दाकडे येतो. वर्तमानपत्र आणि प्रक्षेपण यांत एक मूलभूत फरक आहे. आगरकरांना ‘सुधारक’ काढायला छापखाना आणि कागद पुरला. रेडिओ किंवा दूरचित्रवाणी काढायला मात्र लहरी लागतात आणि लहरींची जागा मर्यादित असते. एका परिसरात एकाच वारंवारतेवर दोघे बोलू लागले, तर कोणाचेच ऐकू येत नाही. त्यामुळे कोणाला कोणती वारंवारता द्यायची हे कोणीतरी ठरवावे लागते. १९९३ च्या हिरो चषक क्रिकेट स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून बंगाल क्रिकेट संघटना आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात जो वाद झाला, त्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ रोजी दिला. पुढे प्रेस कौन्सिलचे अध्यक्ष झालेले न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठात होते. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असता कामा नये आणि ती मूठभर पैसेवाल्यांच्याही स्वाधीन होऊ नये, तिच्या नियमनासाठी स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरण असावे, असे त्या निकालात म्हटले आहे. या निकालाचा अर्धाच भाग नेहमी सांगितला जातो, सरकारी मक्तेदारी मोडल्याचा. दुसरा अर्धा भाग, म्हणजे खाजगी मक्तेदारीबद्दलची भीती, मला तितकीच महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे आपण फार कमी लक्ष दिले आहे.

लहरी सार्वजनिक, म्हणून त्या वापरणाऱ्यावर अटी येतात. खाजगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. त्यांना आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवण्याचीच मुभा आहे. ही अट मला मुळीच समर्थनीय वाटत नाही, पण आज ती आहे. केबलच्या तारेतून लहरी जात नाहीत, तरी तिच्यासाठी १९९५ चा स्वतंत्र कायदा आहे. केबलचालकाला नोंदणी करावी लागते. अलीकडेपर्यंत ती मुख्य टपाल कार्यालयात होत असे. दूरदर्शनच्या ठरावीक वाहिन्या दाखवणे त्याच्यावर बंधनकारक आहे, म्हणजे ‘अमुक दाखवलेच पाहिजे’ असा हुकूम कायदा क्वचित का होईना, पण देतो. कार्यक्रमसंहिता आणि जाहिरातसंहिता पाळावी लागते. जिल्हादंडाधिकारी किंवा उपविभागीय दंडाधिकारी हे या कायद्याखालचे प्राधिकृत अधिकारी असतात आणि संहितेचा भंग करणारा किंवा समाजात तेढ वाढवणारा कार्यक्रम ते आदेश काढून थांबवू शकतात. मात्र ही सारी यंत्रणा जे दाखवले गेले त्याबद्दलची आहे. जे दाखवले गेले नाही, त्याची तक्रार घ्यायला या कायद्यात एकही खिडकी नाही. अमेरिकेत तशी एक खिडकी होती. वादग्रस्त सार्वजनिक प्रश्नाच्या दोन्ही बाजू रेडिओ-दूरचित्रवाणी केंद्रांनी मांडल्या पाहिजेत, असा नियम तेथील नियामकाने १९४९ पासून लागू केला होता, आणि लहरी अपुऱ्या आहेत या कारणावरून तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९६९ साली तो उचलूनही धरला होता. १९८७ साली नियामकाने तो स्वतःच मागे घेतला.

आणखी एका निकालाचा उल्लेख प्रामाणिकपणे करायला हवा. ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा मताने सांगितले की, अनुच्छेद १९ आणि २१ मधील हक्क राज्याखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. मग केबलच्या मालकाविरुद्ध दाद मागता येईल का? माझे मत असे की, तेथे दोन नागरिकांचा एकच हक्क समोरासमोर येतो, आणि बोलणाऱ्याच्या हक्कासाठी निवडणाऱ्याचा हक्क बाजूला सारायला कोणतेही न्यायालय सहजी तयार होणार नाही.

म्हणूनच अशा वेळी मी माझ्याकडे येणाऱ्याला एक वेगळाच प्रश्न विचारायला सांगतो, आणि त्या खोलीतही मी तोच विचारला. हा नकार खुर्चीतल्या माणसाचा स्वतःचा आहे, की त्याला कोणीतरी द्यायला लावलेला आहे? एखाद्या अधिकाऱ्याने ‘ते लावू नका’ असा फोन केला असेल, तर सगळे चित्रच पालटते. मग पडद्यावरची निवड मालकाची उरत नाही. ते राज्याने घातलेले बंधन ठरते, आणि तेही लेखी आदेशाशिवाय, कारण न देता, अनुच्छेद १९(२) मधल्या एकाही कारणाचे नाव न घेता. असा फोन हा मालकाच्या आणि नागरिकांच्या, दोघांच्याही हक्कावरचा घाला असतो, आणि त्याविरुद्ध दोघांनी एकत्र उभे राहायला हवे. हे उभे राहणे व्यर्थ जात नाही. ‘मीडिया वन’ या मल्याळम वाहिनीची परवानगी सुरक्षिततेचे कारण पुढे करून अडवली गेली होती. न्यायालयाला कारणे बंद पाकिटातून देण्यात आली आणि वाहिनीला ती सांगितलीच गेली नाहीत. ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सरकारच्या धोरणांवर टीका करणे म्हणजे व्यवस्थेच्या विरोधात असणे नव्हे, हे त्या निकालात स्पष्ट शब्दांत लिहिले आहे.

मी केबलच्या मालकांना विचारले, “साहेब, खरं सांगा, कुणाचा फोन आला होता का?” त्यांनी पडद्याचा आवाज कमी केला. “फोन कुणाचाच नाही,” ते म्हणाले. “ज्याचं काम तुम्ही दाखवताय, त्याच्या शुभेच्छांच्या जाहिराती पाडव्यापासून दिवाळीपर्यंत माझ्याकडे चालू असतात. दोन पोरांचे पगार त्यातून निघतात.” ते लपवत नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होते. कायद्याच्या नजरेने प्रश्न तेथेच सुटला. नकार त्यांचा होता, कारण पोटाचे होते, आणि घटनेने त्यांना तो नकार देण्याची मुभा दिली आहे. माझ्या मनात मात्र तो सुटला नाही. गावात केबल एकच, आणि तिची निम्मी कमाई दोन-तीन जाहिरातदारांची, अशी स्थिती जेथे असते तेथे निवडीचा हक्क मालकाकडे असतो आणि निवड जाहिरातदार करतो. १९९५ च्या निकालातली दुसरी भीती ती हीच. तिच्यावरचा उपाय ‘अमुक दाखवाच’ या हुकमात मला दिसत नाही. तो आवाजाच्या जागा वाढवण्यात दिसतो.

आपल्याच जिल्ह्यात, म्हसवडला, माणदेशी तरंग वाहिनी हे सामुदायिक रेडिओ केंद्र २००८ पासून ९०.४ एफएमवर चालते. अशा केंद्रांच्या कार्यक्रमांपैकी किमान निम्मा भाग स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावा लागतो. स्वतःच्या बातम्या त्यांनाही देता येत नाहीत, आणि ठेकेदारावरचा आरोप त्यांनी घेतला नाही तर त्यांना दोष देता येणार नाही. पण चार बायकांनी बसून दिवसाला किती खेपा होतात, कोणत्या विहिरीवरून पाणी आणावे लागते आणि शाळेत जाणारी मुलगी त्यासाठी किती वाजता उठते, हे आपल्या बोलीत सांगणे म्हणजे राजकारण किंवा बातमी नव्हे. हे मी त्या चौघांना जिन्यात सांगितले. दुसरेही सांगितले की, चित्रफितीत जे म्हटले आहे त्याचा कागद हाताशी ठेवा. माहितीच्या अधिकारात कामाचे अंदाजपत्रक आणि मोजमापपुस्तकाची नक्कल मागा, कारण अब्रुनुकसानीचा दावा आला तर तो केबलवाल्यावर न येता तुमच्यावर येईल.

अण्णांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “आणि आमच्याच गावात आम्ही लावली तर?” त्याला केबलवाल्याच्या होकाराची गरज नव्हती, आवाज बेताचा ठेवा आणि रस्ता अडवू नका, एवढेच मी म्हणालो. १ मेच्या ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी तालुक्याच्या गावाहून प्रोजेक्टर भाड्याने आणला आणि मारुतीच्या देवळाच्या बाजूच्या भिंतीवर पांढरी चादर ताणली. अकरा मिनिटांची ती चित्रफीत त्या रात्री दोनदा लावावी लागली, कारण टँकर उशिरा आल्याने पाणी भरायला गेलेल्या बायका पहिल्या वेळी पोहोचल्याच नव्हत्या.